साहेब ऑपरेशनमध्ये आहेत

केसरबाई हॉस्पिटलच्या जिन्याखालच्या खोलीत ईश्वरीनं सर्व्हरचं झाकण काढलं, तेव्हा बोटांना आधी राख लागली. मशीन गेल्याच आठवड्यात खोक्यातून निघालं होतं. पण परळीच्या वीजकेंद्रातून उडणाऱ्या राखेला नवं-जुनं कळत नाही. ती पापडाच्या वाळवणावर बसते, दुकानातल्या मापावर बसते, तशी इथंही बसली होती. ईश्वरीनं पंख्यावरून ब्रश फिरवला, झाकण लावलं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन कामाला लागली.

काम सांगायला सोपं होतं. आतापर्यंत हॉस्पिटलचा फोन माणूस उचलायचा, आता मशीन उचलणार. सर्व्हर आधी नमस्कार म्हणणार, मग चौकशीसाठी एक दाबा, मुख्य डॉक्टरांसाठी दोन दाबा, तातडी असेल तर शून्य दाबा असं सांगणार, आणि दाबलेल्या आकड्याप्रमाणे त्या टेबलावरचा फोन वाजवणार. कुठला फोन किती वेळ वाजवायचा, कुणी उचलला नाही तर पुढं कुणाकडं पाठवायचा, हे सगळं त्याला अगोदर शिकवून ठेवावं लागतं. एकदा शिकवलं की तो विसरत नाही, आणि पदरचं काही घालतही नाही. ईश्वरीला या कामातली हीच गोष्ट आवडायची.

खोलीच्या कोपऱ्यात टेलिफोनचा जुना बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला होता. शेजारी त्याच्यासमोरचं स्टूल. स्टुलावर निळ्या कापडाची गादी होती, कडेनं उसवलेली. ती गादी तिच्या आईनं, नीलम्मानं, शिवली होती.

ईश्वरी बालवाडीत होती तेव्हापासून नीलम्मा या स्टुलावर बसत आली होती. गावाला तिचा चेहरा फारसा माहीत नव्हता, आवाज माहीत होता. हॉस्पिटलचे मालक डॉक्टर अमरसिंह आणि त्यांच्यामागं सगळं गाव तिला नीलाबाई म्हणायचं. डॉक्टरांचा एक नियम होता. दुपारी जेवून ते केबिनमागच्या खोलीत आडवे व्हायचे. कधी पाहुणे बसलेले असायचे, कधी मॅच चालू असायची, कधी नुसताच कंटाळा आलेला असायचा. मग बोर्डवर निरोप यायचा, "नीलाबाई, ऑपरेशनमध्ये आहे म्हणून सांगा." त्यानंतर जो कुणी फोन करील त्याला नीलम्मा सांगायची, "डॉक्टर साहेब ऑपरेशनमध्ये आहेत. थोड्या वेळानं फोन करा." मोठ्या माणसांचे फोन तेवढे ती न विचारता जोडायची. मोठं कोण आणि लहान कोण, हे डॉक्टरांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला ते समजायचं, आणि ते समजणं हीच तिची निम्मी नोकरी होती.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी बंकटचा फोन आला. बंकट हा आप्पारावांच्या गाडीवरचा ड्रायव्हर. आप्पाराव म्हणजे तालुक्यातले वजनदार पुढारी. बंकटची बायको घरीच बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. "डॉक्टर हायत का? असले तर तिकडंच आनतो, नसले तर अंबाजोगाईला नेतो," तो म्हणाला. नीलम्मा उठून केबिनपर्यंत गेली, आतल्या दारावर थाप मारली. आतून आवाज आला, "सांगितलंय ना काय सांगायचं ते." तिनं परत येऊन ते सांगितलं. बंकट थांबला. पुन्हा फोन केला. पुन्हा तेच उत्तर आलं. मग त्यानं गाडी अंबाजोगाईच्या रस्त्याला घातली, आणि बाई घाटातच गेली.

चौकशी झाली. डॉक्टर म्हणाले, मी केबिनमध्येच होतो, मला फोन आल्याचं कुणी कळवलंच नाही. या बाईंना सवयच आहे, परस्पर काहीतरी सांगून मोकळं व्हायची. जुना बोर्ड मुका होता, कशाचीच नोंद ठेवत नव्हता. नीलम्मा जे सांगत होती ते ऐकून घ्यायला कुणी बसलेलं नव्हतं. तिला घरी बसवलं. बायकोची राख सावडून झाल्यावर बंकट त्यातली मूठभर घेऊन आला आणि नीलम्माच्या उंबऱ्यावर टाकून गेला. एक शब्द बोलला नाही. नीलम्मानं घरातल्या कुणाला हात लावू दिला नाही. ती राख तिनं स्वतः झाडली. त्या दिवसापासून तिनं फोन उचलणं सोडलं. घरच्या दुकानात फोन वाजला तर ईश्वरीचे वडील पंचाक्षरी उचलायचे. ते नसले तर वाजून वाजून गप्प व्हायचा.

ईश्वरी तेव्हा संभाजीनगरला, टेलिफोनची यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीत, नुकतीच लागली होती. आदळआपट तिच्या स्वभावात नव्हती. तिनं डूख धरला आणि काम शिकत राहिली. केसरबाई हॉस्पिटलची मागणी कंपनीकडं आली, तेव्हा ती कंपनीतल्या साहेबांना एवढंच म्हणाली, "परळी माझं गाव आहे, मी जाते." भर उन्हाळ्यात परळीला जायला दुसरं कुणी तयार नव्हतंच.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "कुठल्या तुम्ही?"

"इथल्याच, सर. वैजनाथाच्या देवळाकडं किराणा दुकान आहे आमचं."

"हां, हां," म्हणत ते मोबाइल बघत राहिले. कुणाच्या, हे त्यांनी विचारलं नाही. नीलाबाईला घर असेल, नवऱ्याचं दुकान असेल, शिकलेली मुलगी असेल, हे कधी त्यांच्या ध्यानीमनीच आलं नव्हतं.

"हे बघा," ते म्हणाले, "मला एक सोय पाहिजे. मी कामात असलो की एक आकडा दाबीन. मग कुणाचा फोन माझ्यापर्यंत यायला नको. त्याला परस्पर सांगायचं, मी ऑपरेशनमध्ये हाय म्हणून."

ईश्वरीनं लॅपटॉपवरची नजर वर केली नाही. "ऑपरेशन थिएटरच्या फोनला जोडू? तिथून लावलं तरच चालू होईल."

"थिएटरचं काय मधीच? मी कुठं बी असंन. मोबाइलवरून झालं पाहिजे."

"मग तासाभरानं आपोआप बंद होईल असं ठेवते. बंद करायचं राहून गेलं तर—"

"न्हाई न्हाई. मशीन मला सांगणार का कवा उठायचं ते? मी बंद करीन तवाच बंद व्हायला पाहिजे."

"बरं. आणि कुणाचाच फोन घ्यायचा नाही?"

"असं कसं? मोठी माणसं असतात की. आप्पाराव हायत, कारखान्याचे लोक हायत. त्यांचे नंबर देतो. ते कवा बी थेट लागले पाहिजेत."

"जे नंबर द्याल तेवढे थेट लागतील, सर. पण मशीन नंबर बघतं. माणूस बघत नाही."

"माणूस अन् नंबर काय वेगळा असतो का?" डॉक्टर हसले.

ईश्वरीही जरा हसली. मग म्हणाली, "नमस्काराचा आवाज बाईचा ठेवू. ऑपरेशनचा निरोप मात्र तुमच्याच आवाजात असला तर? डॉक्टरांनी स्वतः सांगितलं असं वाटतं लोकांना."

ही कल्पना त्यांना फार आवडली. तिनं माइक पुढं केला आणि विचारलं, "वाक्य काय ठेवायचं?" त्यांना विचार करावा लागला नाही. घसा खाकरून ते म्हणाले, "नमस्कार. मी डॉक्टर अमरसिंह. मी सध्या ऑपरेशनमध्ये आहे. थोड्या वेळानं फोन करा." शेवटचे शब्द ईश्वरीनं लहानपणापासून ऐकले होते. शाळा सुटल्यावर ती याच जिन्याखाली दप्तर ठेवून बसायची, तेव्हा ते आईच्या तोंडून यायचे. आज ते ज्याचे होते त्याच्या तोंडून आले. तिनं सेव्ह केलं आणि "छान आलंय, सर," म्हणाली.

संध्याकाळी घरी जेवताना तिनं आईजवळ विषय काढला. वडील दुकानात होते.

"अव्वा, त्याच्या दवाखान्याचा समदा कारभार माझ्या हातात हाय. एक ओळ बदलली की एक फोन लागनार न्हाई. नव्या फोनच्या उद्घाटनाच्या दिवशीच मुका करून टाकते. बघू दे लोकांना."

नीलम्मानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "अन् त्या वक्ताला कोनी बंकटवानी फोन लावत आसंल तर?"

ईश्वरी भाकरी कुस्करत राहिली.

"माझ्यावर आळ हाय, मी फोन जोडला न्हाई म्हनून. तू तो खरा करून दाखव. लई नाव व्हईल आपलं."

"मग सोडून देऊ का त्याला?"

"मी सोडून दे म्हनलं का?" नीलम्मा म्हणाली. "फोन करनाऱ्याला धक्का लागायला नको. बाकी त्याचं तू काय बी कर, मी इचारनार न्हाई."

थोडा वेळ दोघी जेवल्या. मग ईश्वरी म्हणाली, "मला तुझा आवाज पायजे. नमस्काराचा."

"माझा आवाज तिथं परत कावून?"

"त्याला रोज ऐकायला."

नीलम्मानं आढेवेढे घेतले नाहीत, पण लगेच होही म्हटलं नाही. हात धुऊन आली, कपाळावरचा भस्माचा पट्टा घामानं पुसला होता तो आरशात बघून नीट केला. "शून्याचं काय ठेवलंस?"

"तातडीचा? आधी कॅज्युअल्टीला जातो, तिथं कुनी न्हाई घेतला तर—"

"तसं न्हाई. शून्य दाबलं की समदीकडं एकदम वाजला पायजे. वरच्या वार्डात, खाली, त्याच्या उशापाशी बी. अन् त्याच्या त्या आकड्यानं तो बंद व्हायला न्हाई पायजे. एवढं कर, मग देते आवाज."

ईश्वरीनं तिथल्या तिथं, ताटं उचलायच्या आधी, ते करून दाखवलं. नीलम्माला त्या ओळी कळल्या नाहीत, पण तिनं लेकीला प्रत्येक ओळीचा अर्थ सांगायला लावला.

आवाज त्यांनी दुकानामागच्या कोठीत भरला. ज्वारीच्या पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही. नीलम्मा पोत्यावर बसली, पण बसली बोर्डसमोर बसायची तशी, पाठ ताठ करून. तिचं घरातलं बोलणं वेगळं होतं आणि बोर्डावरचं वेगळं. तीन वर्षं न वापरलेला तो दुसरा आवाज जसाच्या तसा निघाला. "नमस्कार. केसरबाई हॉस्पिटल." पुन्हा घ्यायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी ईश्वरीनं तो काउंटरवर डॉक्टरांना ऐकवला.

"आवाज चांगला हाय," ते म्हणाले. "पुण्याची का पोरगी?"

"परळीच्याच आहेत त्या, सर."

"वाटत न्हाई." आणि ते राउंडला निघून गेले.

इतकी वर्षं त्या आवाजानं त्यांना "जोडते, साहेब" म्हटलं होतं. ईश्वरीला वाटलं होतं निदान भुवई तरी हलेल. हलली नाही.

काउंटरवरच्या सुकन्याचा हात मात्र रजिस्टरवर थांबला होता. नोकरीला लागली तेव्हा पहिले काही महिने ती नीलम्माच्या शेजारी बसून काम शिकली होती. डॉक्टर वळल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, हा आवाज मी वळखला."

"मग?"

"मग काय न्हाई. मला कानानं जरा कमीच ऐकू येतं."

त्या आठवड्यात चाचणी चालू झाली. डॉक्टरांना नवी सोय इतकी मानवली की सकाळी आले की ते आकडा दाबायचे आणि दिवसभर बंद करायचे नाहीत. करायचं कारणच नव्हतं. मोठ्या माणसांचे फोन थेट लागत होते आणि बाकीच्यांना त्यांचाच आवाज भेटत होता. ईश्वरीला पडद्यावर ते दिसायचं. एक गोष्ट मात्र तिला खटकली. आप्पारावांचा नंबर यादीत पहिला होता, पण त्या नंबरावरून एकही फोन आलेला नव्हता.

"आप्पाराव फोन करत न्हाईत का इकडं?" तिनं सुकन्याला विचारलं.

"करतेत की, ह्या आठवड्यात आला न्हाई एवढंच. पन सोताच्या फोनवरून कवाच न्हाई. बंकट लावतो त्याच्या फोनवरून. लागला की म्हनतो, थांबा, आप्पा बोलतेत, अन् मग हातात देतो. मोठी मानसं काय बटनं दाबत बसतेत व्हय? अन् त्यांचा फोन हाय, हे नीलाबाईला बंकटच्या आवाजावरून कळायचं. बंकट सोतासाठी बोलायलाय का आप्पासाठी, हे बी कळायचं."

ईश्वरीनं यादी उघडली. आप्पारावांचा नंबर होता. बंकटचा नव्हता. कर्सर यादीच्या शेवटी लुकलुकत होता. एक नंबर घालायचा, किंवा डॉक्टरांना जाऊन एक वाक्य सांगायचं, एवढंच काम होतं. आपल्याला दिलेले नंबर आपण एकूणएक घातले, न दिलेला घालणं आपलं काम नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही, हे तिला कळत होतं. तिनं यादी बंद केली.

उद्घाटन संध्याकाळी होतं. हॉस्पिटलच्या आवारात मांडव घातला होता, खुर्च्या भरल्या होत्या. स्टेजवर डॉक्टरांसमोर फुलांच्या कुंडीशेजारी त्यांच्या केबिनचा बिनतारी फोन ठेवला होता. आप्पाराव आले. त्यांच्यामागं, गमछा खांद्यावर टाकून, बंकट स्टेजच्या पायरीशी उभा राहिला. ईश्वरी बाजूला सर्व्हरच्या पडद्यापाशी होती. नीलम्मा आली नव्हती. "मला तिथं बघायचं काय?" एवढंच ती म्हणाली होती.

डॉक्टर भाषणाला उभे राहिले. "आपल्या सर्वांना माहीत आहे, मागं एका बाईच्या बेजबाबदारपणामुळं या हॉस्पिटलच्या नावाला बट्टा लागला. एक जीव गेला. आता ते होणार नाही. माणूस खोटं बोलतो, मशीन खोटं बोलत नाही."

टाळ्या पडल्या. बंकट पायाकडं बघत होता.

"आता पहिला फोन आप्पांच्या हस्ते. आप्पा, लावा. दोन दाबा, मी इथंच उचलतो."

आप्पारावांनी मागं न बघता हात पसरला. बंकटनं स्वतःच्या फोनवर नंबर लावला. तो त्याला पाठ होता. वाजायला लागल्यावर स्पीकर चालू करून फोन त्या हातात ठेवला. आप्पारावांनी तो माइकसमोर धरला.

"नमस्कार. केसरबाई हॉस्पिटल," मांडवभर आवाज गेला.

बायकांच्या खुर्च्यांमधून कुणीतरी म्हणालं, "आगं, ही तर नीलाबाई." माना वर झाल्या. बंकटनं डोकं उचललं, जणू कुणी त्याला नावानं हाक मारली होती. डॉक्टर हसतमुखानं फोनवर हात ठेवून उभे होते.

"दोन दाब बे, बंकट," आप्पाराव म्हणाले. बंकटनं पुढं होऊन दाबलं.

स्टेजवरचा फोन वाजला नाही. कर्ण्यातून आवाज आला, "नमस्कार. मी डॉक्टर अमरसिंह. मी सध्या ऑपरेशनमध्ये आहे. थोड्या वेळानं फोन करा."

पहिलं हसू मागच्या रांगेतून आलं. आप्पारावांनी फोनकडं पाहिलं, मग डॉक्टरांच्या गळ्यातल्या हाराकडं. लोकांचं हसू कुणीकडं वळतंय, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे, आणि आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं हेही नाही.

"डॉक्टर, तुमी तर हितं हार घालून उभे. मग आत कोन कापायलंय?"

मांडव हसला. डॉक्टर माइकवर हात ठेवून म्हणाले, "मशीनची चूक आहे काहीतरी. ओ मॅडम, बघा जरा हे."

ईश्वरी स्टेजच्या कडेला आली. तिला वाटलं होतं आवाज थरथरेल. थरथरला नाही. "मशीन बरोबर आहे, सर. निरोप तुम्ही सकाळी चालू केलाय. तुम्ही बंद केल्याशिवाय तो बंद होऊ नये, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"पण आप्पांचा नंबर मी दिलेला हाय तुम्हाला."

"आप्पांच्या नंबरवरून आला असता तर लागला असता. हा फोन बंकटच्या नंबरवरून आहे."

हसू हळूहळू थांबलं. पायरीवरून बंकट बोलला. मालकासमोर तो कधी आपणहून बोलला नव्हता, त्यामुळं त्याला आवाज किती काढायचा ते कळलं नाही. तो फार हळू बोलला, पण माइक जवळ होता.

"त्या दिवशी बी ह्याच नंबरवरून लावलता, साहेब."

डॉक्टरांनी गळ्यातला हार सारखा केला.

"ऑपरेशनमध्ये हायत, थोड्या वेळानं फोन करा. शब्द हेच हुते. आवाज बाईचा हुता." त्यानं खांद्यावरचा गमछा हातात घेतला. "म्या तिच्या दारात राख टाकली."

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. आयुष्यभर अशा वेळी ज्याच्यावर ढकलावं असं कुणीतरी जवळ असायचं. त्यांची नजर सुकन्यावर गेली. सुकन्या मांडवाच्या झालरीकडं बघत होती.

आप्पारावांनी खांद्यावरची सत्काराची शाल काढून खुर्चीवर ठेवली. "चला, डॉक्टर. तुमी कामात दिसता," म्हणाले आणि उतरले. गाडीचं दार त्यांना स्वतः उघडावं लागलं. बंकट अजून पायरीशीच उभा होता.

ईश्वरी वायरी गुंडाळत होती तेव्हा डॉक्टर व्हरांड्यात तिच्यासमोर आले. "कोण तुम्ही?"

"नीलम्माची मुलगी."

"नीलाबाईची?"

"नीलम्मा नाव हाय तिचं."

त्यांनी जिन्याखालच्या खोलीकडं बोट केलं. "तो आवाज काढून टाका."

"पासवर्ड सुकन्याकडं दिलाय. पाहिजे तो आवाज भरा. शून्याला मात्र हात लावू नका. तो बदलला की समद्या टेबलांवर दिसतं, कुनी बदलला ते."

ती संभाजीनगरला लगेच गेली नाही. चार दिवसांची रजा होती, आणि ते चार दिवस तिला परळीत काढायचे होते. चहाच्या टपरीवर पोरं स्पीकर लावून हॉस्पिटलला फोन करत होती आणि दोन दाबत होती. डॉक्टरांनी निरोप बंद केला, तर फोन सतत वाजायला लागला. पुन्हा चालू केला, तर लोक हसायला लागले. एकदा ते खरोखरच थिएटरमध्ये असताना सुकन्यानं एकाला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "झोपू द्या, झोपू द्या." सुकन्यानं हे दुकानात येऊन सांगितलं. शून्य वाजला की मात्र डॉक्टर उठून येतात, असंही सांगितलं. सगळ्या मजल्यांवर एकदम वाजतो, आणि कोण आलं नाही ते सगळ्यांना दिसतं. ईश्वरीनं ते सगळं चवीनं ऐकलं. पुन्हा सांगायला लावलं.

रजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी बंकट आला. दुकानाच्या पायरीशी चप्पल काढली आणि उंबऱ्याच्या बाहेरच बसला. पंचाक्षरी मोंढ्यात माल आणायला गेले होते. नीलम्मा गल्ल्यापाशी शेंगदाणे निवडत होती. तिनं हात थांबवला नाही.

"बाई," तो म्हणाला, "तुमी डॉक्टरला सांगितलं हुतं का?"

"दार वाजवलं. म्हनले, सांगितलंय ते सांगा."

"दोन्ही बारी?"

"दुसऱ्या बारीला आतून आवाज बी आला न्हाई."

बंकटनं मान हलवली. मग म्हणाला, "तुमी मला जा म्हनायला पायजे हुतं. अंबाजोगाईला."

नीलम्माचे हात आता थांबले. "हां," ती म्हणाली. "म्हनायला पायजे हुतं."

ईश्वरीनं आतून पाण्याचा तांब्या आणला. बंकटनं तो उंबऱ्याबाहेरूनच घेतला आणि प्यायला.

तेवढ्यात फोन वाजला. ईश्वरीनं पडद्यावरचा नंबर पाहिला. "डॉक्टर हाय," ती म्हणाली. काल सुकन्या सांगत होतीच: नीलाबाईनं एकदा येऊन चार लोकांसमोर झालं गेलं विसरले म्हणावं, नोकरी परत देतो, असं त्यांचं चाललं होतं. "घेऊ का मी?"

नीलम्मानं हातातले दाणे सुपात टाकले, पदराला हात पुसले आणि फोन ओढून घेतला. तीन वर्षांनी तिनं तो कानाला लावला. पाठ ताठ झाली.

पलीकडून बोलणं चालू झालं; ईश्वरीला नुसती गुणगुण ऐकू आली, फार मऊ. नीलम्मानं ती पुरी होऊ दिली. तिनं बंकटकडं पाहिलं. मग बोर्डावरच्या आवाजात म्हणाली, "नीलम्मा पूजेत आहेत. थोड्या वेळानं फोन करा."

आणि फोन ठेवला.

बंकट तिच्याकडं बघत राहिला. "परत केला तर?"

"परत बी पूजाच चालू आसंल."

फोन पुन्हा वाजायला लागला. नीलम्मानं सूप मांडीवर ओढलं आणि खडे वेचायला घेतले. तो वाजत होता. कुणी उठलं नाही.